मेजावरची सेना आणि इतिहासाचा हिशेब

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात किल्ला केल्याची आठवण आपल्यापैकी अनेकांच्या मनात असेल. दगडविटांची रास, तिच्यावर भिजवलेले पोते, वर चिखलाचा गिलावा, उतारावर पेरलेली मोहरी आणि बुरुजांवर मातीचे मावळे. दिवाळी सरली की मावळे खोक्यात जात आणि ते प्रकरण वर्षभरासाठी मिटे.

इंग्लंडात मात्र ही हौस बालपणाबरोबर संपली नाही. तेथे चांगली जाणती, पोक्त माणसे रोज तास-दोन तास मेजाशी बसून इंचभर उंचीच्या शिपायांच्या पलटणी उभ्या करतात, त्या रंगवतात आणि जुन्या लढाया ठरलेल्या नियमांनी पुन्हा खेळतात. याला पोरखेळ म्हणून हसणे सोपे आहे. परंतु या छंदाचा पूर्वेतिहास पाहू लागलो की इतिहासाच्या अभ्यासकालाही त्यातून काही घेण्यासारखे आहे, असे दिसून येते.

युद्धाच्या खेळाला शास्त्राचे रूप प्रथम प्रशियात आले. राइस्विट्झ नावाच्या पितापुत्रांनी तो सिद्ध केला. पुत्राने १८२४ मध्ये नियम प्रसिद्ध केले आणि नकाशावर ठोकळे सरकवून लष्करी अधिकारी शिकू लागले. तेथे ठोकळा म्हणजे पलटण. शिपायाला चेहरा नव्हता. शिपायाला रूप आणि जागा देण्याचा प्रचंड खटाटोप त्यानंतर थोड्याच वर्षांत विल्यम सिबॉर्न या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने केला.

१८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती तयार करण्याचे काम १८३० मध्ये सिबॉर्नकडे सोपवण्यात आले. तो स्वतः त्या लढाईत नव्हता. पण भूमापनात निष्णात होता. रणांगणावरील ला ए सेंत या शेतवाडीत मुक्काम करून त्याने सुमारे आठ महिने जमिनीची मोजणी केली. चढउतार, कुंपणे, पिके, सारे टिपले. मग प्रश्न आला माणसांचा. संध्याकाळी सातच्या सुमारास, लढाईचा निकाल लागण्याच्या घटकेला, कोणती पलटण नेमकी कोठे उभी होती? इतिहासकार ‘सायंकाळी प्रशियन सैन्य येऊन पोहोचले’ असे एक वाक्य लिहून पुढे जाऊ शकतो. प्रतिकृती करणाऱ्याला ती सोय नाही. प्रत्येक शिपाई कोठे तरी चिकटवावाच लागतो, आणि चिकटवला की ते विधान होते.

म्हणून सिबॉर्नने हयात अधिकाऱ्यांना परिपत्रक पाठवून प्रत्येकाचे ठिकाण, समोरचा शत्रू, पिकाची स्थिती विचारली. शेकडो उत्तरे आली. मध्यंतरी १८३३ मध्ये सरकारने पैसा थांबवला. मंजूर झालेले काम अर्ध्यावर कसे अनाथ होते, हे ज्यांनी सरकारी नोकरीत हयात घालवली त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. सिबॉर्नने कर्ज काढून काम पुरे केले. १८३८ मध्ये लंडनच्या ईजिप्शियन हॉलमध्ये ती प्रतिकृती मांडली गेली. बोटाच्या पेरापेक्षाही लहान असे सत्तर हजारांहून अधिक शिपाई तीत होते. पाहायला सुमारे लाखभर माणसे आली, तरी सिबॉर्नचे कर्ज काही फिटले नाही.

त्याहून मोठे संकट निराळेच होते. मिळालेल्या पुराव्यानुसार त्याने प्रशियन सैन्य रणांगणात बरेच पुढे आलेले दाखवले होते. त्यामुळे विजयाच्या श्रेयात वाटेकरी निर्माण झाला आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या निकटच्या मंडळींना ते रुचले नाही. अखेर सिबॉर्नने प्रशियन सैन्याचा मोठा भाग तेथून काढून टाकला. पेराएवढे शिपाई जागचे हलवण्यासाठी एवढा दबाव यावा, यातच त्यांचे वजन दिसते. १८४९ मध्ये सिबॉर्न वारला. त्याची प्रतिकृती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे आणि त्याने जमवलेली पत्रे आजही वॉटर्लूच्या अभ्यासकांचा आधार आहेत.

घरगुती छंद म्हणून या खेळाला लोकप्रियता आली ती एच. जी. वेल्स यांच्या १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकामुळे. बैठकीच्या जमिनीवर शिशाचे शिपाई मांडायचे आणि स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने लाकडी गोळे उडवून ते पाडायचे, असा तो खेळ. पुस्तकाच्या शेवटी वेल्स यांनी बजावले होते की, हा लहानसा खेळ तीन-चार वेळा खेळून पाहा म्हणजे खरे महायुद्ध किती मूर्खपणाचे असते ते कळेल. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात लढलेल्या डोनाल्ड फेदरस्टोन यांनी १९६२ मध्ये ‘वॉर गेम्स’ लिहून या छंदाला पुन्हा उभारी दिली. प्रत्यक्ष युद्ध पाहिलेला माणूस मेजावरच्या युद्धात रमला, याचे प्रथम नवल वाटते. मेजावर माणूस मरत नाही, हेच कदाचित त्याचे उत्तर असावे.

याच सुमारास एअरफिक्स कंपनीचे प्लास्टिकचे शिपाई स्वस्तात मिळू लागले. पण हव्या त्या देशाचे, हव्या त्या काळाचे शिपाई तयार मिळतीलच असे नव्हते. त्यातून रूपांतराची कला वाढली. धारदार पात्याने एकाचे डोके कापायचे, टाचणीचा तुकडा रोवून दुसऱ्याच्या धडावर बसवायचे, लांबीसारखा लगदा भरून तुरा किंवा पाठीवरची पिशवी घडवायची आणि वर रंग द्यायचा. अमेरिकेच्या यादवी युद्धातला शिपाई अशा फेरफाराने १८७० चा फ्रेंच शिपाई होई. हे काम एका बैठकीत होत नाही. रोज दोन-चार शिपाई, असे करत महिन्या-दोन महिन्यांत एक पलटण उभी राहते. आणि प्रत्येक शिपायापाशी तोच प्रश्न येतो: याच्या अंगरख्याचा रंग कोणता? पट्टा उजव्या खांद्यावरून की डाव्या? पायात काय होते? उत्तर शोधल्याशिवाय कुंचला पुढे सरकत नाही.

येथे मला आपली आठवण होते. हाच वेलिंग्टन, तेव्हाचा आर्थर वेलस्ली, २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी लढला. महादजी शिंद्यांच्या पदरी द बोईनने ज्या कवायती पलटणी उभारल्या, त्यांच्याच परंपरेतील पायदळ आणि तोफखाना त्या दिवशी समोर होता. असईची लढाई मेजावर मांडायची झाली तर इंग्रजी बाजूचे शिपाई रंगवण्यास साधने भरपूर सापडतील. आपल्या बाजूच्या गोलंदाजाच्या पागोट्यापाशी मात्र कुंचला थबकेल.

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथे स्थायिक झालेल्या आपल्यापैकी अनेक घराण्यांचे मूळपुरुष अशाच फौजांबरोबर इकडे आले. त्यांची नावे आपण वंशावळीत जपतो. पण ते काय नेसत, काय खात, कोणत्या घोड्यावर बसत, असे प्रश्न आपण किती वेळा विचारले? जुन्या पेटीतली मोडीतली फर्दी, एखादे हिशेबाचे बाड, आजीने सांगितलेली हकीकत, ही सारी सिबॉर्नला आलेल्या पत्रांचीच भावंडे आहेत. फरक इतकाच, की त्याने परिपत्रक काढले आणि आपण काढले नाही.

येत्या दिवाळीत नातवंडे किल्ला करतील तेव्हा बुरुजावर मावळा ठेवण्यापूर्वी त्यांना एवढेच विचारावे: हा येथे का उभा आहे, आणि याच्या हातात काय आहे? उत्तर त्यांना ठाऊक नसेल. बहुधा आपल्यालाही नसेल. मग ती पेटी उघडावी.