सरहद्दीवरचं नळदुर्ग

सहलीची वर्गणी मुलाची भरायची आणि मुलीला 'पुढच्या वर्षी जा' म्हणायचं, असं बऱ्याच घरांत होतं. यंदा आमच्या गटानं ठरवलं, मुलीही जातील. शाळेबरोबर आम्हीही नळदुर्गला गेलो.

धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव एके काळी सरहद्दीवरचं. विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही या भागात एकमेकींना भिडायच्या. म्हणून इथं एवढी भक्कम तटबंदी. पण नुसत्या तटानं किल्ला टिकत नाही. वेढा पडला तर आत पाणी हवं. त्यासाठी बोरी नदीवर दगडी बंधारा घातला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३च्या सुमारास, या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल झाला. पावसाळ्यात नर आणि मादी या सांडव्यांवरून पाणी कोसळतं, तरी महालात माणूस कोरडा उभा राहतो.

पुढे मोगल आले, निजाम आला, १८५३पासून काही वर्षं इंग्रजांचा अंमल होता. राज्यं गेली, बंधारा अजून उभा आहे.

तिथं सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "मग आपल्या ओढ्याचं पाणी का अडवत नाहीत?"

मैत्रिणींनो, येत्या ग्रामसभेत हा प्रश्न आम्ही मांडणार आहोत. तुम्हीही तुमच्या गावात मांडा.