एंडोसल्फान : फवारणी थांबल्यानंतर
गोव्याप्रमाणेच काजूसाठी ओळखल्या जाणाऱ्या केरळमधील कासरगोड जिल्ह्यात सरकारी बागायतींवर ढेकण्या किडीसाठी एंडोसल्फानची फवारणी सुमारे दोन दशके, २००० सालापर्यंत, हेलिकॉप्टरने होत होती. हे कीटकनाशक पाण्यात फारसे विरघळत नाही. मातीच्या कणांना चिकटते. मातीत त्याचे एंडोसल्फान सल्फेट बनते. ते मूळ द्रव्याइतकेच विषारी, शिवाय अधिक टिकाऊ. म्हणूनच फवारणी थांबली, की प्रश्न मिटला, असे होत नाही. पावसात उतारावरून वाहणारा गाळ ते ओहोळांत नेतो. माशांना त्याची अत्यल्प मात्राही मारक ठरते. जांभ्यात खोदलेल्या ‘सुरंगम’ या आडव्या भुयारांतील पाण्यावर तेथील अनेक कुटुंबे अवलंबून आहेत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये देशभर बंदी घातली. बाधितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश जानेवारी २०१७ मध्ये आला.