‘नांदणे’ आणि ‘राहणे’ : अविवाहित सहवासातील निवाऱ्याचा हक्क

मराठीत विवाहित स्त्री ‘नांदते’. विवाहावाचून पुरुषाच्या घरी असणारी स्त्री केवळ ‘राहते’, आणि लोकांच्या तोंडी ती ‘ठेवलेली’ असते. त्या पुरुषाने घरातून निघून जाण्यास सांगितले असता तिला कशाचा आधार, हा प्रश्न नांदेड-लातूर भागास नवा नाही. ज्या ग्रंथाच्या आधारे तो दीर्घकाळ सोडविला गेला, तो ‘मिताक्षरा’ शेजारच्या कल्याणीत, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (1076–1126) याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने रचिला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. 1956 पर्यंत ते आणि आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके एकाच बीदर जिल्ह्यात होते.

विज्ञानेश्वराचा शब्द आहे ‘अवरुद्धा’. रुध् म्हणजे अडविणे, कोंडणे. सेवेत खंड पडू नये म्हणून धन्याने जिला घरातच राहण्याची आज्ञा केली व परपुरुषाचा संग वर्ज्य केला, ती दासी अवरुद्धा, असे त्याचे विवरण आहे. निर्वारस पुरुषाचे धन राजाने घ्यावे, पण अवरुद्ध स्त्रीच्या निर्वाहापुरते बाजूस ठेवून, असेही तो सांगतो. हक्काचे मूळ येथे प्रीतीत नाही, करारातही नाही. ते कोंडण्यात आहे. जिची बाहेरची वाट धन्याने बंद केली, तिला त्याच्या मिळकतीने पोसावे, असा हा न्याय होय.

मात्र हा हक्क पुरुषाच्या मरणानंतरचा होता. संबंध अखेरपर्यंत टिकला पाहिजे, ही त्याची अट होती. जिवंतपणी पुरुषाने तिला केव्हाही घराबाहेर काढावे, त्यास या हक्काचा अडसर नव्हता. ‘अवरुद्धा’ ठरण्यासाठी स्त्रीने पुरुषाच्या कुटुंबातच राहिले पाहिजे काय, या वादाचा निकाल प्रिव्ही कौन्सिलने 1926 साली नागुबाई विरुद्ध मोंघीबाई या मुंबईच्या खटल्यात दिला. संबंध उघड व मान्य असल्यास वेगळ्या घरी राहणारी स्त्रीही निर्वाहास पात्र ठरली. निजामी राज्यातील न्यायालयांवर हा निर्णय बंधनकारक नव्हता. परंतु तेथील हिंदूंच्या कौटुंबिक वादांतही प्रमाणग्रंथ मिताक्षराच होता.

1956 हे वर्ष या भागास दोन अर्थांनी निर्णायक ठरले. 1 नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला व कल्याणी म्हैसूरकडे गेली. 21 डिसेंबरला हिंदू दत्तक व निर्वाह कायदा अमलात आला. त्यातील आश्रितांच्या यादीत अवरुद्ध स्त्रीस स्थान नव्हते. ज्यांचा पुरुष त्यापूर्वीच वारला होता त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1965 साली राखला. पुढच्या स्त्रियांना तोही उरला नाही. सुधारणेच्या कायद्याने जुन्या अन्यायाबरोबर जुना आधारही काढून घेतला, असे म्हणणे भाग आहे.

पुरुषाच्या हयातीतच घराचा उंबरठा राखणारा हक्क आला तो 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. ‘विवाहसदृश संबंधा’त असलेल्या स्त्रीस सामाईक घरात राहता येते, घर वा भाडेपट्टा पुरुषाच्या एकट्याच्या नावे असला तरी कायदेशीर मार्गावाचून तिला बाहेर घालविता येत नाही. न्यायदंडाधिकारी पुरुषासच घर सोडण्यास किंवा तिच्यासाठी दुसऱ्या घराचे भाडे देण्यास सांगू शकतो. हा मालकीचा हक्क नव्हे. स्त्रीने बाहेर काढलेल्या पुरुषास या कायद्याचा उपयोग नाही. येथे ‘राहणे’ या साध्या क्रियापदास प्रथमच स्वतःचे कायदेशीर वजन मिळाले.

तथापि वेलुसामी खटल्याच्या निकालात (2010) सर्वोच्च न्यायालयाने उभयता विवाहास पात्र असावेत व समाजात दांपत्याप्रमाणे वावरत असावेत, या कसोट्या घातल्या. जिला पुरुष पैसा पुरवितो आणि प्रामुख्याने शरीरसंबंधासाठी किंवा सेवेसाठी ठेवतो, ती स्त्री या संरक्षणाबाहेर राहिली. तिच्यासाठी निकालात ‘कीप’ हा इंग्रजी शब्द आला. त्यावर तेव्हाच्या अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी न्यायालयातच आक्षेप घेतला. आक्षेप शब्दावर होता. पण व्याख्या अधिक विचारार्ह आहे. घरात ठेवलेली, सेवेस लावलेली, धन्याच्या पैशावर जगणारी ही स्त्री विज्ञानेश्वराच्या ‘अवरुद्धे’हून फारशी निराळी नाही. जी लक्षणे तिच्या हक्काचा पाया होती, तीच आता तिला वगळण्याचे कारण झाली.

इंद्रा सरमा खटल्यात (2013) पुरुष विवाहित आहे हे ठाऊक असून त्याच्याबरोबर राहिलेली स्त्रीही वगळली गेली. अशा संबंधांत गरीब व निरक्षर स्त्रियांचीच सर्वाधिक हानी होते, याची दखल घेऊन न्यायालयाने कायद्यातील ही उणीव संसदेपुढे ठेविली. ती अद्याप भरून निघालेली नाही.