निर्वासितांची छावणी आणि आईच्या हातातील पेला



आपल्या मुलामुलींनी डॉक्टर व्हावे, असे आपणांपैकी पुष्कळांना वाटते. परंतु एका डॉक्टराची विद्या संकटकाळी किती जणांपर्यंत पोहोचते? या प्रश्नाचे उत्तर १९७१ सालच्या इतिहासात सापडते.

त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातील लष्करी अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी माणसे भारतात आश्रयास आली. पश्चिम बंगालमध्ये सीमेलगत असलेल्या बनगाव येथे निर्वासितांत कॉलऱ्याने थैमान घातले. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले आणि ते लावणारे हातही मोजकेच होते. तेव्हा बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा ठराविक प्रमाणात पाण्यात मिसळून पिंपे भरून ठेवली. ग्लुकोजमुळे आतड्यात मीठ शोषले जाते आणि त्यामागोमाग पाणीही. हे शास्त्र तज्ज्ञांना ठाऊक होते. मात्र ते सामान्य माणसाच्या हाती सोपविण्यास अनेकजण कचरत होते. महालनबीसांनी रोग्यांच्या नातेवाइकांनाच शिकविले की, पेल्याने पाजत राहा, थांबू नका. तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चारच्याही खाली आले. जिचे घरदार गेले होते, ती आईच आता आपल्या लेकराची परिचारिका झाली होती.

याच सुमारास, १९७० साली, आपल्या जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेथे निर्वासित नव्हते, दुष्काळ आणि दारिद्र्य होते. त्यांनी खेड्यातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. तरीही त्या बाळंतपणे करू लागल्या, जुलाबाने सुकलेली मुले वाचवू लागल्या. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बनगाव व जामखेड ही गावे एकमेकांपासून फार दूर, पण धडा एकच. जाणकाराने आपली विद्या दुसऱ्यास शिकविली, तरच ती गरजवंतापर्यंत वेळेवर पोहोचते.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, पदवी मिळेपर्यंत थांबू नका. जलसंजीवनीच्या पुडीवर किती पाणी घ्यावयाचे ते छापलेले असते. आज घरी गेल्यावर ते आपल्या आईला व आजीला मोठ्याने वाचून दाखवा. आपल्या शिक्षणाचा पहिला उपयोग तेथूनच सुरू होवो.