खेचराच्या पाठीवरून माणसाच्या कमरेवर

जुलै उजाडला की कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातल्या खिंडी बर्फाखालून मोकळ्या होऊ लागतात आणि मित्रमैत्रिणींची टोळकी सॅक पाठीवर टाकून जॉन म्यूर ट्रेलला लागतात. योसेमिटीपासून माउंट व्हिटनीच्या माथ्यापर्यंत सुमारे ३४० किलोमीटरची वाट, साधारण तीन आठवड्यांची चाल आणि वाटेत एकही गाव नाही. तंबू, स्टोव्ह, स्लीपिंग बॅग, आठ-दहा दिवसांचा शिधा असं सगळं ज्याचं त्याच्या पाठीवर. आपलं ओझं आपण वाहायचं, हा या भटकंतीचा पहिला नियम. तो इतका रुळलाय की पूर्वीपासून असंच चालत आलं असावं, असं वाटतं. प्रत्यक्षात जेमतेम दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत सिएरात हौसेनं फिरणाऱ्यांचं ओझं बहुतेकदा दुसरंच कुणीतरी वाहत होतं.

हौस नसलेल्यांची गोष्ट वेगळी. पूर्वेच्या ओवेन्स खोऱ्यातले पायूट लोक ऑब्सिडियन दगड, मीठ आणि चिलगोजासारख्या पाइनच्या बिया घेऊन खिंडी ओलांडत आणि पश्चिम उतारावरच्या लोकांकडून त्या बदल्यात ओकची फळं आणत. बायकांच्या पाठीवर शंकूच्या आकाराच्या विणलेल्या टोपल्या असत आणि त्यांचा पट्टा कपाळावरून घेतलेला असे. आजची वाट कुठे कुठे याच व्यापारी वाटांना जाऊन मिळते. एकोणिसाव्या शतकात मेंढपाळांचे कळपही उन्हाळ्यात वर चढत. कुरणं फस्त करणाऱ्या या मेंढ्यांवर निसर्गलेखक जॉन म्यूरचा, म्हणजे ज्याच्या नावाची ही वाट त्याचा, भारी राग. गंमत अशी, की १८६९च्या उन्हाळ्यात तो स्वतः सिएरात पोचला होता मेंढ्यांच्याच मागोमाग, कळपावर देखरेख करण्याच्या कामावर.

पर्वताच्या कण्याला धरून उत्तर-दक्षिण वाट असावी, ही कल्पना मात्र एका पोराची. थिओडोर सोलोमन्स चौदा वर्षांचा होता. १८८४ साली फ्रेझ्नोजवळ काकांची गुरं राखताना समोरची हिमशिखरांची रांग बघून त्याच्या डोक्यात ती आली, असं तो पुढे सांगे. १८९० नंतरची काही वर्षं त्यानं या रांगेत शोधाशोध केली. १८९५मध्ये अर्नेस्ट बॉनर या सोबत्याबरोबर फिरताना त्यानं एका खोऱ्यातल्या शिखरांना डार्विन, हक्स्ली, वॉलेस, स्पेन्सर अशी उत्क्रांतिवाद्यांची नावं देऊन टाकली. जिथे खेचर जाऊ शकत नसे अशा घळींत सामान पाठीवर घेण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. तेवढ्यापुरतीच ती सोय होती. पुढे कुणी हौसेनं ओझं वाहील, असं त्यांना वाटलं असेल याची शक्यता कमीच.

सहलींची लाट आणली सिएरा क्लबनं. म्यूर अध्यक्ष असलेल्या या संस्थेच्या विल्यम कोल्बीनं १९०१च्या जुलैत पहिली 'हाय ट्रिप' काढली. ९६ माणसं आणि मुक्काम टुओलम्नी कुरणांत, सुमारे २,६०० मीटरवर. म्यूर आपल्या दोन्ही मुलींना घेऊन आला होता. बर्कली आणि स्टॅनफर्डचे प्राध्यापक आणि विद्यार्थी होते, बायकाही भरपूर होत्या. त्यांच्यासाठी आधीच सूचना निघाली होती: परकर आखूड चालेल, पण गुडघा आणि घोटा यांच्या मध्यापेक्षा वर नको. सामान खेचरांवर आणि स्वयंपाक आचाऱ्यांकडे. सहभागी लोकांनी हातात काठी घ्यायची, दिवसभर शिखरं पालथी घालायची आणि रात्री शेकोटीभोवती गाणी म्हणायची. पुढच्या वर्षांत हा पसारा कधी कधी दोनशेच्या वर गेला. खेचरांची रांग खिंड चढताना दिसली की एखादं लष्कर चाललंय असंच वाटावं.

आचाऱ्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण पर्वतांच्या इतिहासात चुलीपाशी कोण होतं हे फारसं कुणी लिहीत नाही. टाय सिंग हा चिनी आचारी अमेरिकी भूसर्वेक्षण खात्याच्या नकाशे काढणाऱ्या तुकड्यांसोबत वर्षानुवर्षं हिंडला होता. १९१५च्या जुलैत स्टीफन मॅथर या धनाढ्य उद्योजकानं खासदार, संपादक, शास्त्रज्ञ अशा वजनदार लोकांना दोन आठवडे सिएरात फिरवायचं ठरवलं. राष्ट्रीय उद्यानांसाठी स्वतंत्र खातं हवं, हे त्यांच्या गळी उतरवायचं होतं. त्यासाठी त्यानं मागून घेतला टाय सिंगला. हा माणूस पहाटे आंबवलेलं पीठ मळून खेचराच्या अंगाशी बांधे. दिवसभर जनावराच्या उबेनं ते फुगे आणि संध्याकाळी त्याचे पाव भाजले जात. ताजं मांस तो ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवी. पाणी उडून जाताना आतलं मांस गार राही. जेवायला बसताना पांढरीशुभ्र चादर अंथरलेली, त्यावर तळलेले ट्राउट मासे आणि गरम बिस्किटं. वाटेत खाद्यपदार्थ लादलेलं एक खेचर कड्यावरून घसरलं, तरी पंगतीचा थाट उणा झाला नाही. नॅशनल जिओग्राफिकचा संपादक गिल्बर्ट ग्रोव्हनर याच पंगतीत होता. पुढच्याच वर्षी, २५ ऑगस्ट १९१६ रोजी, राष्ट्रीय उद्यान सेवेचा कायदा झाला. श्रेय एकट्या पावाला देणं जरा जास्त होईल, पण निव्वळ भाषणांनी हे काम झालं नसतं एवढं नक्की. चिनी मजुरांना देशात येऊ न देणारा १८८२चा कायदा त्या वेळी लागू होता, आणि योसेमिटीतल्या एका शिखराला १८९९ पासून टाय सिंगचं नाव होतं. १९१८मध्ये कामावर असतानाच तो अपघातात गेला.

म्यूरचं निधन डिसेंबर १९१४चं. त्याच्या स्मरणार्थ वाट बांधायला कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं १९१५ साली १०,००० डॉलर मंजूर केले. काम मात्र रेंगाळत १९३८ उजाडलं. ४,००९ मीटरवरची फॉरेस्टर खिंड सुरुंग लावून फोडताना १९३० साली १८ वर्षांचा एक मजूर दगडाखाली सापडून गेला. त्याच्या नावाची पाटी वाटेवर आहे.

पाठीवर ओझं घेऊन फिरणारे त्या काळातही होते, पण लोक त्यांना विक्षिप्तच समजत. नॉर्मन क्लाइड हा मास्तर त्यांतला मेरुमणी. त्याच्या सॅकमध्ये कॅमेरे, भांडीकुंडी, बूट ठोकायची ऐरण आणि मूळ भाषांतली पुस्तकं असत. सगळं मिळून वजन चाळीस किलोच्या घरात. ते घेऊन हा गडी सिएरातली कितीतरी शिखरं पहिल्यांदा चढला. इतरांनी त्याचं कौतुक केलं, अनुकरण नाही.

ते शक्य झालं एका पँटच्या खिशामुळे. १९५१ साली डिक केल्टी हा सुतार क्ले शर्मन या मित्राबरोबर सिएरात फिरत होता. त्या काळी लाकडी चौकटीची सॅक सगळा भार खांद्यांवर टाकायची. वैतागलेल्या शर्मननं चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोचली आणि ओझं एकदम कमरेवर आलं. केल्टीनं घरी परतून ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट वाकवली, तिला कमरेचा पट्टा जोडला आणि पिशव्या शिवायला बायको नेना बसली. १९५२मध्ये २९ सॅक विकल्या गेल्या, प्रत्येकी २४ डॉलरला. १९६३च्या अमेरिकी एव्हरेस्ट मोहिमेत केल्टीच्याच सॅक होत्या. नायलॉन आणि वाळवलेलं हलकं अन्न आलं, तसं चार मित्रांना खेचरवाल्याची गरज उरली नाही.

खेचरांचे दिवस भरत आलेच होते. शेकडो खुरांनी कुरणांचा चिखल होतो, ही तक्रार क्लबच्याच लोकांनी १९४०च्या दशकात मांडली होती. जुन्या धाटणीची हाय ट्रिप १९७२मध्ये बंद पडली. तोवर पायी फिरणाऱ्यांचीच एवढी गर्दी झाली होती की परवाने सुरू करावे लागले. आता जॉन म्यूर ट्रेलचा परवाना अनेकांना सोडतीतच मिळतो.

ओझं कमी करण्याचा नाद मग टोकाला गेला. टूथब्रशची दांडी कापणारे, नकाशाचे समास छाटणारे लोक निघाले. पण वाचवलेलं वजन नियमांनी परत चढवलं. अस्वलांना अन्नाची चटक लागू नये म्हणून बऱ्याच भागात सगळं खाणं कडक प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवणं सक्तीचं आहे. डबा रिकामा असतानाच किलोभर भरतो आणि सॅकमध्ये नेमका आडवा येतो. व्हिटनीच्या वाटेवरचे संडास तर काढूनच टाकलेत. सोबत एक बंद पिशवी न्यायची आणि माथ्यावर जाऊन येईपर्यंत जे काही होईल ते त्या पिशवीत घालून, आपल्याच सॅकमधून, खाली आणावं लागतं.