काचबिंदू : तुंबलेल्या जाळीचा शोध

१/ १८५४ मध्ये रेल्वे ठाण्याहून कल्याणपर्यंत पोहोचली. पुढच्याच दशकात सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून भायखळ्यास नेत्ररुग्णालय उभे राहिले. ठाणे-कल्याणच्या रुग्णाला आता तेथवर थेट रेल्वे होती. मोतीबिंदू काढल्यावर पुन्हा दिसू लागे. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नसे.

२/ डोळ्यात जलद्रव सतत तयार होतो. पारदर्शक पटल व परितारिका यांच्या कोनातील सूक्ष्म जाळीतून तो एका नलिकेत आणि पुढे शिरांत जातो. फ्रीडरिश श्लेम यांनी ही नलिका १८३० मध्ये दाखवली. वाट अडली की दाब वाढतो आणि दृष्टिचेता हळूहळू मरते.

३/ १८७६ मध्ये माक्स क्नीस यांनी काढून टाकलेले डोळे तपासले. परितारिकेचे मूळ चिकटून कोन बुजलेला आढळला. परंतु ते डोळे रोगाच्या अखेरच्या अवस्थेतले होते. आरंभ कोठे होतो, हे त्यांतून कळणे शक्य नव्हते.

४/ कारण अंधारात असतानाच उपाय पुढे सरकला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्राध्यापक हर्बर्ट हर्बर्ट यांनी १९०३ मध्ये डोळ्याच्या पातळ बाह्य आवरणाखाली जलद्रवासाठी कृत्रिम वाट ठेवण्याची शस्त्रक्रिया मांडली. बुजलेली वाट तशीच राहू देऊन तिला वळसा घालणे, हे त्यामागील तत्त्व.

५/ १९३८ मध्ये ऑटो बार्कन यांनी जिवंत रुग्णांचे कोन पाहून दोन प्रकार वेगळे केले. अनेकांचा कोन उघडाच होता! मग अडथळा कोठे? मॉर्टन ग्रँट यांनी १९६३ मध्ये मृत डोळ्यांतील जाळी छेदली, तेव्हा प्रवाहाचा सुमारे तीन चतुर्थांश विरोध नाहीसा झाला.

६/ १९६८ मध्ये जॉन केर्न्स यांनी जाळीचा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. नलिकेची कापलेली तोंडे द्रव वाहून नेतील, असा त्यांचा कयास होता. प्रत्यक्षात तो बाह्य आवरणाखालीच झिरपत होता : म्हणजे हर्बर्ट यांचीच वाट.

७/ मात्र त्या तुकड्यांमुळे रोगग्रस्त जाळी सूक्ष्मदर्शकाखाली आली. योहानेस रोहेन यांना नलिकेलगत साचलेले थर दिसले. १९८४ मध्ये होर्हे अल्वाराडो व सहकाऱ्यांनी दाखवले की जाळीतील पेशी वयानुसार घटतातच. काचबिंदूत त्याहून अधिक घटतात.

८/ आज ठाण्या-डोंबिवलीच्या नेत्रचिकित्सालयात कोन उघडा की बंद, हे काही मिनिटांत कळते. पेशींची घट तेथेही दिसत नाही आणि रुग्णाला दुखतही नाही. म्हणूनच चाळिशीनंतर केवळ चष्म्याचा नंबर न पाहता दाब आणि दृष्टिचेता तपासली जाते.