मॅग्नम रायफल : पल्ला, काडतूस आणि कायदा

तेलंगणातील आदिलाबाद शहराला लागूनच, हैदराबादकडे जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर मावला हे गाव आहे. गावाचा तलाव आणि त्यालगतचा वनविभाग आदिलाबादकरांच्या परिचयाचा. हा महामार्ग उत्तरेस गेला की पैनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्यास पोहोचतो. मराठी, तेलुगू आणि गोंडी या तीन भाषा नांदणाऱ्या या पट्ट्यात कापूस आणि सोयाबीनच्या शेतांत रानडुकरे उतरतात, तर टिपेश्वर अभयारण्यातील वाघ नदी ओलांडून आदिलाबादच्या हद्दीत येतात. अशा वेळी दूरवरून नेम साधणाऱ्या मॅग्नम रायफलीची चर्चा निघते. सत्तरी, सांगे आणि काणकोणच्या बागायतदारालाही हा प्रश्न परका नाही. ही रायफल म्हणजे नेमके काय, तिची जुळणी कशी होते, तिचे काडतूस हाताने का भरले जाते आणि आपल्याकडे हे कितपत शक्य आहे, याचा हा आढावा.

मॅग्नम म्हणजे काय?

काडतुसाचे चार भाग असतात : पितळी कवच, त्याच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आतील दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. त्याच व्यासाच्या सामान्य काडतुसापेक्षा ज्यात अधिक दारू मावते आणि जे गोळीला अधिक वेग देते, त्यास मॅग्नम म्हणण्याचा प्रघात आहे. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कंपनीने १९१२ मध्ये .३७५ मॅग्नम काढले. त्याच्या बुडाशी असलेला उंच पट्टा काडतुसाला नळीत योग्य जागी रोखून धरतो. विंचेस्टर कंपनीचे .४५८ मॅग्नम १९५६ मध्ये, तर .३०० मॅग्नम १९६३ मध्ये आले. पहिले जवळून अंगावर येणाऱ्या महाकाय जनावरांसाठी, दुसरे लांब पल्ल्यासाठी.

फरक आकड्यांत पाहावा. १८० ग्रेन म्हणजे सुमारे ११.७ ग्रॅम वजनाची गोळी .३०-०६ या जुन्या काडतुसातून सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने सुटते; .३०० मॅग्नममधून तीच गोळी सुमारे ९०० मीटर वेगाने निघते. वेग दहा टक्क्यांनी वाढला, तरी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती वीस टक्क्यांनी वाढते. खांद्याला बसणारा धक्काही त्याच हिशेबाने वाढतो. धक्क्याच्या धास्तीने डोळे मिटणाऱ्याच्या हाती मॅग्नम रायफल साध्या रायफलीपेक्षा वाईट नेम देते, हे जाणकार नेमबाज आवर्जून सांगतात.

रायफलीची जुळणी

लांब पल्ल्याची रायफल विकत मिळते तशीच वापरली जात नाही. नळी लाकडी वा कृत्रिम दस्त्याला कुठेही टेकू नये, यासाठी दोहोंत बारीक फट ठेवतात. अन्यथा तापलेली नळी दस्त्यावर दाबली जाऊन प्रत्येक गोळी वेगळ्या जागी लागते. नळीमागचा पोलादी भाग दस्त्यात घट्ट व सारखा बसावा, म्हणून तेथे रेझिनचा थर देतात. दुर्बिणीची कडी ढिली असेल, तर मॅग्नमच्या धक्क्याने ती हळूहळू सरकते. चाप हलका पण निश्चित जागी सुटणारा हवा.

यानंतर शून्यांकन, म्हणजे ठरावीक अंतरावर नेम आणि गोळीचा ठिपका एकत्र आणणे. .३०० मॅग्नम सुमारे १८० मीटरवर शून्यांकित केली, तर २७५ मीटरच्या आसपास गोळी पंधरा-सोळा सेंटिमीटर खाली जाते. साडेचारशे मीटरच्या पुढे ही घसरण जवळजवळ एक मीटर होते. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा त्याच अंतरावर तिला सुमारे अर्धा मीटर बाजूला ढकलतो. तेवढे अंतर कापण्यास गोळीला अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ लागतो. तेवढ्यात धावते रानडुक्कर पाच-सहा मीटर पुढे गेलेले असते. म्हणूनच अंतर, वारा आणि जनावराची स्थिरता या तिन्हींची खात्री नसताना चाप न ओढणे हाच परदेशी शिकारक्षेत्रांतही सभ्यतेचा संकेत आहे. जखमी होऊन झाडीत शिरलेले जनावर वेदनेने मरते, किंवा पुढे वाटेत भेटणाऱ्या माणसावर उलटते.

काडतूस हाताने का भरतात?

अमेरिकेसारख्या देशांत, जेथे कायदा मुभा देतो, तेथे अनेक नेमबाज वापरलेले पितळी कवच पुन्हा भरतात. खर्चाची बचत हे एक कारण. खरे कारण सारखेपणा. कारखान्याचे काडतूस कुणाच्याही रायफलीत चालावे, अशा बेताने बनते. हाताने भरणारा ते आपल्या एकाच नळीच्या मापाचे करतो. कवच साफ करून साच्यातून मूळ आकारात आणणे, वाढलेले तोंड कापून लांबी सारखी करणे, नवी टोपी बसवणे, दारू तराजूवर ग्रेनच्या दशांशापर्यंत तोलणे आणि गोळी ठरावीक खोलीवर बसवणे, असा हा क्रम. गोळ्यांच्या वेगातील तफावत जितकी कमी, तितका दूरचा ठिपका आटोपशीर, हे त्यामागील सूत्र.

धोकाही याच सूत्रात आहे. मॅग्नम काडतूस मुळातच दाबाच्या वरच्या मर्यादेजवळ काम करते. दारूची जात चुकली, माप थोडे चढले किंवा गोळी अधिक खोल बसली, तर दाब मर्यादा ओलांडतो आणि कवच फुटून तापलेला वायू चेहऱ्याकडे येऊ शकतो. हवामानाचाही परिणाम होतो. आदिलाबादमध्ये जानेवारीची पहाट दहा अंशांखाली उतरते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो. तापमानाला संवेदनशील दारू असेल, तर एवढ्या फरकाने गोळीचा वेग सेकंदाला दहा-वीस मीटरने बदलतो. हिवाळ्यात निर्धोक ठरलेले माप उन्हाळ्यात धोक्याचे ठरते ते असे.

भारतातील स्थिती

भारतात हे काम छंद म्हणून करता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत तयार काडतुसांबरोबरच त्यांचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. कलम ५ नुसार परवान्याविना दारूगोळा बनवणे गुन्हा असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. बंदुकीचा परवाना हा काडतुसे भरण्याचा परवाना नव्हे, हे परवानाधारकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

कोणते काडतूस कुणी वापरायचे, हे आपल्याकडे पूर्वीपासून सरकारच ठरवत आले आहे. ब्रिटिशांनी १९०७ मध्ये हिंदुस्थानात .४५० व्यासाच्या काडतुसांवर बंदी घातली; लष्करी मार्टिनी-हेन्री बंदुकांना ती उपयोगी पडतील, ही भीती त्यामागे होती. त्यातूनच .४६५ आणि .४७० सारखी नवी शिकारी काडतुसे जन्मली. आजही लष्करी .३०३ नागरिकांना निषिद्ध गटात मोडते, तर ईशापूरची .३१५ रायफल परवान्यावर मिळते. पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखाना तिची काडतुसे बनवतो.

शिकारीचा मार्ग तर बंदच आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीस मनाई केली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारीची उरलीसुरली तरतूदही काढून टाकली. अपवाद कलम ११ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वाघ व गवा पहिल्या अनुसूचीत, तर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी मनुष्यास वा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक ठरल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी व सकारण आदेशाने त्यास मारण्याची परवानगी देऊ शकतो. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबत हा अधिकार केवळ मुख्य वन्यजीव रक्षकांना आहे. तोही प्राणी पकडणे, बेशुद्ध करणे किंवा हलवणे अशक्य असल्याची खात्री पटल्यावरच. परवानगीने मारलेले जनावरही सरकारची मालमत्ता ठरते.

पांढरकवड्याचा धडा

या तरतुदींची कसोटी मावल्याच्या उत्तरेस, त्याच महामार्गाच्या परिसरात लागली. टी-१ अर्थात अवनी या वाघिणीशी १३ माणसांच्या मृत्यूचा संबंध जोडण्यात आला होता. प्रथम बेशुद्ध करण्याचा प्रयत्न करावा, तो फसल्यास गोळी घालावी, असा आदेश सप्टेंबर २०१८ मध्ये निघाला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटी परिसरात ती मारली गेली. तिच्यामागे दोन बछडे राहिले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीने पुढे या कारवाईच्या पद्धतीवरच बोट ठेवले. गोळी जवळून झाडली गेली होती. पल्ल्याचा प्रश्न तेथे नव्हताच. गोळी कुणी, कोणत्या अधिकाराने आणि बेशुद्धीचा प्रयत्न कितपत करून झाडली, यावर सारा वाद झाला.

शेतकऱ्यासाठी काय उरते?

पिकाच्या रक्षणाची गरज कायद्याने नाकारलेली नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. गोव्यात आणि कोकणात ही बंदूक घरोघरी ओळखीची. मात्र तिच्या परवान्याने रानडुक्कर मारण्याची परवानगी आपोआप मिळत नाही. त्यासाठी वनखात्याचा लेखी आदेश वेगळा लागतो.

असा आदेश हाती असला, तरी मॅग्नम रायफल हे शेतातले हत्यार नव्हे. तिची गोळी चुकली, तर चार किलोमीटरहून अधिक दूर जाऊ शकते. मावल्याच्या शिवारातून आडवी सुटलेली गोळी महामार्गावर किंवा थेट आदिलाबाद शहरात पोहोचू शकेल. कुळागरातून सुटलेली पलीकडच्या वाड्यावर. उलट माळ्यावर बसून तीस-चाळीस मीटरवर खाली झाडलेली गोळी बहुधा मातीत रुतते. रानडुक्कर समजून माणसावर गोळी सुटल्याच्या घटना आपल्याकडे अंधारात आणि घाईतच घडल्या आहेत. तेव्हा राखण, सौर कुंपण, वनखात्याकडे वेळेत केलेला अर्ज आणि नुकसानीचा पंचनामा हेच क्रमाने पहिले उपाय. बंदूक त्यानंतर; आणि तीही समोर काय आहे व त्यामागे कोण आहे, हे दिसल्यावरच.